लिंकन आणि वऱ्हाडचा कापूस

दसरा उलटला, की मोर्शी तालुक्यातील काळ्या रानांत कपाशीची बोंडे उकलू लागतात. पहिल्या वेचणीपूर्वी शेतात सीतादही करण्याची, दहीभाताचा नैवेद्य दाखविण्याची चाल वऱ्हाडात जुनी आहे. त्यानंतर वेचणाऱ्या बाया कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीच्या ओळींतून पुढे सरकतात आणि सायंकाळी बांधावर पांढऱ्याशुभ्र कापसाची गाठोडी उभी राहतात. अलीकडे या भागाचे नाव संत्र्यांमुळे अधिक ऐकू येते. सिंभोऱ्याच्या धरणाने वर्धा नदीचे पाणीही अडविले आहे. परंतु संत्र्याच्या बागा येण्याच्या कितीतरी आधीपासून येथील शेतकऱ्याचे सुखदुःख कापसाशी बांधलेले आहे. कापसाला भाव आला, तर घरातील लग्न ठरते. भाव पडला, तर सावकाराच्या ओट्यावर जावे लागते.

हा भाव मात्र गावात ठरत नाही. तो अमरावतीत ठरतो, मुंबईत ठरतो, आणि कधीकधी समुद्रापलीकडे ठरतो. इ. स. १८६१ ते १८६५ या चार वर्षांत तो अमेरिकेतील एका घनघोर यादवी युद्धाने ठरविला. त्या युद्धाच्या काळात अमेरिकेचा अध्यक्ष होता अब्राहम लिंकन. त्याने वऱ्हाडचे नावही बहुधा ऐकले नसेल. तरीही त्याच्या एका आज्ञेचा परिणाम येथील नांगराच्या तासापर्यंत येऊन पोहोचला.

अब्राहम लिंकनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकी प्रांतात, ओंडक्यांनी बांधलेल्या एका खोलीच्या घरात झाला. बाप टॉमस शेती व सुतारकाम करी. अब्राहम सात वर्षांचा असताना हे कुटुंब इंडियाना प्रांतातील घनदाट अरण्यात राहावयास गेले. तेथे झाडे तोडावी, जमीन मोकळी करावी आणि मगच पेरावी, असा क्रम होता. कोवळ्या वयातच त्याच्या हाती कुऱ्हाड आली. तो नऊ वर्षांचा असताना आई नॅन्सी वारली. रानातील एक विषारी वनस्पती गाईंच्या खाण्यात येई आणि त्यांचे दूध पिणाऱ्यांना प्राणघातक आजार होई. त्या आजाराने तिचा बळी घेतला. पुढच्या वर्षी बापाने दुसरे लग्न केले. सावत्र आई म्हटले, की पुष्कळ गोष्टींत एक दुष्ट बाई उभी राहते. सारा लिंकन तशी नव्हती. तिने येताना पुस्तके आणली, पोरक्या मुलांना न्हाऊमाखू घातले आणि अब्राहमच्या वाचनाच्या वेडाला आडकाठी केली नाही. लिंकनने तिचे उपकार जन्मभर मानले.

त्याचे सारे शालेय शिक्षण एकत्र केले, तर ते एक वर्षही भरणार नाही. शाळा दूर, शिक्षक फिरते आणि घरी हातांची गरज. मात्र पुस्तक मिळाले, की तो ते वाचून काढी. इसापच्या नीतिकथा व रॉबिन्सन क्रूसो ही त्याची आवडती पुस्तके होती. एकदा त्याने शेजारच्या एका शेतकऱ्याकडून जॉर्ज वॉशिंग्टनचे चरित्र मागून आणले. रात्री पावसाचे पाणी घराच्या फटीतून आत आले व पुस्तक भिजले. तेव्हा त्याने तीन दिवस त्या शेतकऱ्याच्या शेतात राबून पुस्तकाची किंमत फेडली, असे त्याचे चरित्रकार सांगतात. पुस्तक अर्थातच त्याच्याकडे राहिले!

तरुणपणी त्याने हरतऱ्हेची कामे केली. तराफ्यावर माल लादून तो मिसिसिपी नदीने न्यू ऑर्लिन्स बंदरापर्यंत गेला. इलिनॉय प्रांतातील न्यू सेलम या खेड्यात तो दुकानात नोकर होता, पोस्टमास्तर होता, जमिनीची मोजणी करणाराही होता. सन १८३२ मध्ये प्रांताच्या विधिमंडळासाठी तो उभा राहिला आणि पडला. १८३४ मध्ये पुन्हा उभा राहिला आणि निवडून आला. गुरू न करता कायद्याची पुस्तके वाचून तो वकील झाला आणि १८३७ मध्ये स्प्रिंगफील्ड या शहरी येऊन राहिला. सहा फूट चार इंच उंचीचा, हाडकुळा, काहीसा अवघडल्यासारखा वावरणारा हा वकील बोलू लागला, की न्यायालयातील मंडळी कान टवकारीत. अवघड मुद्दा एखाद्या गमतीच्या गोष्टीतून उलगडून दाखविण्याची हातोटी त्याला लाभली होती.

आता युद्धाचे कारण पाहू. आणि ते समजण्यास पुन्हा कापसाकडेच यावे लागते. बोंडातून निघालेल्या कापसात सरकी घट्ट चिकटलेली असते. ती काढल्यावाचून रुई मिळत नाही आणि रुईवाचून सूत नाही. सरकी काढण्याच्या यंत्राला वऱ्हाडात रेचा म्हणतात. अमेरिकेत हे काम पूर्वी हातांनी होई; दिवसभर खपून एक माणूस सुमारे एक पौंड रुई मोकळी करी. सन १७९३ मध्ये एली व्हिटनी नावाच्या तरुणाने एक यंत्र तयार केले आणि तेच काम पन्नास पौंडांपर्यंत गेले. यंत्र आले म्हणजे माणसांचे कष्ट कमी झाले असतील, असे कोणासही वाटेल. घडले नेमके उलटे. सरकी काढणे सोपे होताच मळेवाल्यांनी अधिकाधिक जमीन कापसाखाली आणली. आणि पेरणी, खुरपणी, वेचणी ही कामे तर यंत्राने होत नव्हती. ती करण्यासाठी त्यांना अधिकाधिक गुलाम हवे झाले.

हे गुलाम म्हणजे आफ्रिकेतून धरून आणलेल्या लोकांची संतती होय. त्यांची खरेदीविक्री होई. आईपासून मूल आणि नवऱ्यापासून बायको तोडून दूरच्या मळ्यावर विकली जाई. कष्टाचा मोबदला नाही, लिहिणेवाचणे शिकण्यास अनेक प्रांतांत बंदी आणि पळून गेल्यास शिकारी कुत्रे मागावर. सन १७९० मध्ये अशा गुलामांची संख्या सुमारे ७ लक्ष होती. १८६० मध्ये ती सुमारे ४० लक्ष झाली. लँकेशायरच्या गिरण्यांत तयार होणारे तलम कापड जगभर जाई, पण त्याच्या सुताची वेचणी कोणाच्या हातांनी झाली, हे कापड नेसणाऱ्यास ठाऊक नसे.

सन १८४१ मध्ये ओहायो नदीतून आगबोटीने प्रवास करीत असताना लिंकनला दहाबारा गुलाम एकाच साखळीत जखडलेले दिसले. ते दृश्य आपणास सतत छळीत असते, असे त्याने चौदा वर्षांनी एका मित्रास लिहिले. गुलामगिरी हा अन्याय आहे, याविषयी त्याच्या मनात संशय नव्हता. मात्र जेथे ती कायद्याने चालू आहे तेथे केंद्राने हात घालू नये, फक्त नव्या प्रांतांत तिला पसरू देऊ नये, एवढेच त्याचे आरंभी म्हणणे होते. थोर पुरुष जन्मतःच पूर्ण घडलेले असतात, अशी समजूत करून घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. लिंकनचे मत पुढे बदलत गेले, आणि ते बदलण्याचे धैर्य त्याच्या अंगी होते.

सन १८५८ मध्ये स्टीफन डग्लस याच्याशी त्याचे सात जाहीर वादविवाद झाले. ती निवडणूक लिंकन हरला; पण त्याचे नाव देशभर झाले आणि दोनच वर्षांनी तो राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला. या धामधुमीत त्याने लिहिलेल्या दोन पत्रांची माहिती विद्यार्थ्यांना विशेष आवडेल. ग्रेस बेडेल नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीने त्याला कळविले, की तुमचा चेहरा फार बारीक आहे; तुम्ही दाढी राखली तर अधिक चांगले दिसाल. लिंकनने तिला चारच दिवसांनी उत्तर धाडले आणि खरोखरच दाढी वाढविली. अध्यक्ष होण्यासाठी आगगाडीने वॉशिंग्टनला जाताना तो तिच्या गावच्या स्थानकावर थांबला आणि तिला मुद्दाम भेटला. दुसरे पत्र जॉर्ज लॅथम या विद्यार्थ्यास आहे. लिंकनचा थोरला मुलगा रॉबर्ट याचा हा मित्र हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत नापास झाला. जुलै १८६०, म्हणजे निवडणुकीचा ऐन हंगाम. तरी लिंकनने सवड काढून त्याची समजूत घातली. एकदा हरलास म्हणून माघार घेऊ नकोस, निश्चय धरलास तर यश मिळेल, अशा आशयाचे ते पत्र आहे.

येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. महाराष्ट्रातील कितीतरी शाळांच्या भिंतींवर लिंकनने आपल्या मुलाच्या मुख्याध्यापकास लिहिलेले म्हणून एक पत्र चौकटीत लावलेले आढळते. कवी वसंत बापट यांनी त्याला दिलेले मराठी रूप फार लोकप्रिय झाले. परंतु लिंकनच्या कागदपत्रांत असे पत्र कोठेही नाही, आणि अभ्यासक ते त्याचे मानीत नाहीत. मजकूर उत्तम आहे, मुलांनी तो वाचावा. लिंकनच्या नावावर मात्र तो खपवू नये. ज्याला खरे पत्रच हवे असेल, त्याने लॅथमला लिहिलेले पत्र शोधून वाचावे.

नोव्हेंबर १८६० मध्ये लिंकन निवडून आला. ही बातमी कळताच दक्षिणेतील मळेवाल्यांचे प्रांत एकामागून एक संघराज्यातून फुटू लागले. पुढे त्यांची संख्या अकरा झाली. त्यांनी आपला निराळा अध्यक्ष नेमला आणि १२ एप्रिल १८६१ रोजी सम्टर किल्ल्यावर तोफा डागून युद्धास तोंड फोडले. एका आठवड्यातच, १९ एप्रिल रोजी, लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी पुकारली. दक्षिणेचे सारे बळ कापूस विकण्यात होते; कापूस बाहेर गेला नाही, तर तोफा आणि दारूगोळा आत येणार नव्हता. हीच ती आज्ञा, जिचा परिणाम वऱ्हाडपर्यंत आला.

त्या काळी इंग्लंडच्या गिरण्यांत येणाऱ्या कापसाच्या पाच गाठींपैकी सुमारे चार गाठी अमेरिकेच्या असत. तो पुरवठा तुटताच लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडू लागल्या आणि व्यापाऱ्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. निजामाकडून १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभारात आलेला वऱ्हाड प्रांत तर कापसासाठीच प्रसिद्ध होता. मुंबईच्या बाजारात कापसाचा भाव पूर्वीच्या तिप्पट-चौपट झाला. वऱ्हाडात ज्वारीच्या शेतांत कपाशी दिसू लागली. मालाच्या बंड्या आणि लमाणांचे बैल यांची पश्चिमेकडे रीघ लागली. आगगाडीचे रूळ वऱ्हाडच्या रोखाने टाकले जात होते खरे, पण मार्ग पुरा झाला नव्हता. वाटेत धूळ बसे, पावसाने माल भिजे, आणि काही लोभी मंडळी वजन वाढविण्यासाठी कापसात मुद्दाम माती व सरकी मिसळीत. ही लबाडी इतकी बोकाळली, की १८६३ मध्ये मुंबई सरकारला तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. आपल्याकडील कापसाचा धागाही अमेरिकन कापसाहून आखूड होता. इंग्रज गिरणीवाले कुरकुर करीत, आणि दुसरा उपाय नाही म्हणून तोच घेत.

पैसा आला, तो सर्वांस सारखा मात्र मिळाला नाही. मुंबईचे अडते आणि व्यापारी गबर झाले. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्यांनी अमाप संपत्ती मिळविली आणि नव्या कंपन्यांचे भाग विकत घेण्याचे वेड शहरभर पसरले. शेतकऱ्याच्या हाती मधल्या दलालांचा व सावकाराचा वाटा वजा जाता जे उरे ते पडे. तरीही चार पैसे त्याने पूर्वी न पाहिलेले पाहिले, आणि भाव असाच राहील अशा भरवशावर पुष्कळांनी कर्ज काढले.

समुद्रापलीकडे त्याच वेळी एक विलक्षण घटना घडली. मँचेस्टरचे गिरणीकामगार कापसावाचून उपाशी मरत होते. लिंकनची नाकेबंदी उठावी अशी मागणी त्यांनी केली असती, तर कोणी नवल केले नसते. पण ३१ डिसेंबर १८६२ रोजी त्यांनी सभा भरविली आणि गुलामांना मुक्त करण्याच्या कार्यात आपण तुमच्या पाठीशी आहोत, असे लिंकनला लिहून कळविले. लिंकनने १९ जानेवारी १८६३ रोजी त्यांना कृतज्ञतेचे उत्तर पाठविले. उत्तर अमेरिकेतील लोकांनी जहाज भरून धान्यही पाठविले. मँचेस्टर शहरात लिंकनचा पुतळा उभा आहे, तो त्या उपासमारीतील माणुसकीमुळे.

त्या सभेच्या दुसऱ्याच दिवशी, १ जानेवारी १८६३ रोजी, लिंकनने मुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही केली. नववर्षाच्या भेटीसाठी आलेल्या शेकडो लोकांशी सकाळपासून हस्तांदोलन करून त्याचा हात थरथरत होता. सही कापरी आली, तर पुढचे लोक म्हणतील की हा कचरला. म्हणून त्याने थोडे थांबून, सावकाश आणि ठळक सही केली. या जाहीरनाम्याने बंडखोर प्रांतांतील गुलाम स्वतंत्र असल्याचे घोषित झाले. संघराज्यात राहिलेल्या काही प्रांतांतही गुलाम होते. त्यांना तो लागू नव्हता. म्हणून लिंकन तेवढ्यावर थांबला नाही. साऱ्या देशातून गुलामगिरी नाहीशी करणारी घटनादुरुस्ती त्याने जानेवारी १८६५ मध्ये लोकसभेकडून मंजूर करवून घेतली आणि त्याच वर्षी डिसेंबरात, त्याच्या मृत्यूनंतर, ती अमलात आली. दरम्यान सुमारे १ लक्ष ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक संघराज्याच्या बाजूने लढले. आपले स्वातंत्र्य त्यांनी केवळ दान म्हणून घेतले नाही.

युद्धाने लिंकनलाही सोडले नाही. फेब्रुवारी १८६२ मध्ये त्याचा अकरा वर्षांचा मुलगा विली तापाने वारला. रणांगणावरून रोज मृतांच्या याद्या येत होत्या. युद्ध संपेपर्यंत दोन्ही बाजूंचे मिळून सहा लक्षांहून अधिक सैनिक मरण पावले. जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्ग येथे तीन दिवस भीषण लढाई झाली. तेथील स्मशानभूमीच्या समर्पणासाठी १९ नोव्हेंबर रोजी सभा भरली, तेव्हा प्रमुख वक्ता एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलला. त्यानंतर लिंकन उठला, अवघे दोनतीन मिनिटे बोलला आणि बसला. लोकांनी लोकांसाठी चालविलेले राज्य पृथ्वीवरून नष्ट होऊ द्यावयाचे नाही, हा त्याच्या बोलण्याचा आशय होता. एव्हरेटचे भाषण आज फारसे कोणी वाचीत नाही.

सन १८६४ मध्ये लिंकन पुन्हा निवडून आला. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. जिंकल्यावर सूड घ्यावा, असे लिंकनच्या मनात नव्हते. जखमा बांधण्याची भाषा त्याने महिनाभर आधीच केली होती. परंतु १४ एप्रिलच्या रात्री तो पत्नीसह नाटक पाहत असताना जॉन विल्क्स बूथ या नटाने मागून त्याच्यावर गोळी झाडली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची प्राणज्योत मालवली. तेव्हा तो ५६ वर्षांचा होता.

युद्ध संपल्याची वार्ता मुंबईस पोहोचली आणि कापसाचा भाव कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या हिशोबाचा दिवस होता. त्या दिवशी मुंबईतील कित्येक धनिक भिकेस लागले. प्रेमचंद रायचंद यांचेही दिवाळे निघाले. खेड्यांत या घसरणीची झळ सावकाश, पण दीर्घकाळ लागली. भाव गेला, कर्ज मात्र राहिले. सन १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे करून कर्जरोखे जाळले, त्याच्या कारणांत हेही एक होते. वऱ्हाडातील शेतकऱ्याने कपाशी सोडली नाही. बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंतचा लोहमार्ग १८६७ मध्ये पुरा झाला, १८७० मध्ये खामगावला आणि १८७१ मध्ये अमरावतीला फाटे फुटले. ज्या गाड्यांची निकड युद्धकाळात होती, त्या युद्ध संपल्यावर धावू लागल्या.

त्या युद्धाचा एक पडसाद मात्र बाजारात उमटला नाही. तो एका पुस्तकात उमटला. पुण्याच्या जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या समाजात जातीच्या नावाखाली शूद्रातिशूद्रांवर लादलेली गुलामगिरी त्यांनी त्यात उघडी करून दाखविली. कृष्णवर्णीय गुलामांच्या मुक्तीसाठी स्वार्थत्याग करणाऱ्या अमेरिकेतील सज्जन लोकांना त्यांनी हे पुस्तक अर्पण केले. आपल्या देशबांधवांनीही त्या लोकांचा कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्यांनी अर्पणपत्रिकेत व्यक्त केली आहे. लिंकनच्या मृत्यूस तेव्हा आठ वर्षे झाली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात जोतीरावांनी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली.